हाताच्या मापाचं पिस्तूल

पिस्तूल विकून दुसरं घ्यायचं, इथपर्यंत मी आले होते. पॉइंट टू टू (.२२) बोअरचं, स्पर्धेतल्या नेमबाजीचं वॉल्थर जीएसपी, एका ज्येष्ठ नेमबाजाकडून परवान्याचे सगळे सोपस्कार करून घेतलेलं. हे मॉडेल १९६८ पासूनचं आहे. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, ग्रिपमध्ये (मुठीत) न राहता ट्रिगरच्या पुढे असतं, त्यामुळे पुढून जड वाटतं आणि पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला जरा विचित्रच दिसतं. मी पंचवीस मीटर पिस्तूल खेळते, म्हणजे तीस गोळ्या प्रिसिजनच्या, सावकाश नेम धरून, आणि तीस रॅपिडच्या, दर गोळीला तीन सेकंद. टार्गेटच्या मधल्या वर्तुळाला दहा गुण, बाहेर जाल तसा एकेक कमी. वाईट मारत नव्हते, पण पाच गोळ्यांच्या प्रत्येक सिरीजमध्ये एक सात किंवा एक सहा घुसायचाच, आणि तोही बहुतेक वेळा डावीकडे, जरा खाली. घड्याळाच्या काट्यावर सांगायचं तर साडेआठ-नऊला. रेंजवर प्रत्येकाचं निदान तयार असतं. बॅरल झिजलं असेल, काडतूस बदल, पुढे वजन लाव, इटालियन पिस्तूल घे. सगळेच सल्ले महाग होते.

रेंजवरचे आमचे सर म्हणाले, "ताई, आधी पिस्तुलाला विचारू. मग तुमच्याकडे वळू."

त्यांनी ग्रिप उतरवली, पिस्तुलाची चौकट जाड लोखंडी स्टँडमध्ये आवळली आणि पंचवीस मीटरवर कोरा कागद लावला. पहिल्या काही गोळ्या स्टँड बसण्यासाठी सोडून दिल्या. मग दहा मारल्या. कागद आणला तेव्हा त्यावर एकच फाटकंतुटकं भोक होतं. सरांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून त्यावर ठेवलं, भोक जेमतेम झाकलं गेलं. ते नाणं २७ मिलिमीटरचं. प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. म्हणजे पिस्तुलाला एकटं सोडलं, तर ते दहाच्या बाहेर जायला तयार नव्हतं.

खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं. बॅरल खराब निघालं असतं तर विषय पैशावर भागला असता.

एक हिशेब सरांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवला, तो मी अजून नव्या मुलींना सांगते. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडचं नेम धरायचं पातं, आणि रिअर साइट, म्हणजे मागची खाच, यांच्यामधलं अंतर आमच्या प्रकारात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर चालतं. टार्गेट पंचवीस मीटरवर. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर टार्गेटवर गोळी अकरा सेंटिमीटरहून जास्त डावीकडे जाते. एका वर्तुळातून दुसऱ्यात जायला अडीच सेंटिमीटर पुरतात, म्हणजे दहाचा थेट सहा होतो. याउलट दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात सेंटिमीटरभर हलला, तर गोळीही सेंटिमीटरभरच हलते आणि दहा दहाच राहतो. हात हलणं सगळ्यांचंच असतं. माझी अडचण हात हलण्याची नव्हती, मनगटातून पिस्तूल वळत होतं. आणि ते का वळत होतं, याचं उत्तर लाकडात होतं.

पिस्तुलाबरोबर आलेली ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची, देखणी, पण आधीच्या मालकाच्या हाताची. ते सहा फुटी गृहस्थ. माझा हात बांगड्यांच्या दुकानात सव्वादोनच्या मापाचा. त्या ग्रिपवर माझं बोट ट्रिगरवर पोचायचं ते फक्त टोकाने. पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सपाट बसला, तर दाब सरळ मागे येतो. टोकानेच दाबायची वेळ आली की दाब तिरका पडतो आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचं पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. साडेआठच्या काट्याचं रहस्य एवढंच.

सरांनी दिलेली पहिली परीक्षा कुणालाही घरी करता येईल. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करायची, भिंतीकडे तोंड करून हात खाली ठेवायचा, डोळे मिटायचे, हात नेहमीसारखा उचलायचा, स्थिर झाला की डोळे उघडायचे. काहीही सावरायचं नाही, फक्त बघायचं. साइट आपसूक जुळलेल्या दिसल्या तर ग्रिप तुमची. माझी फ्रंट साइट दर वेळी खाचेत खाली बुडालेली आणि डावीकडे टेकलेली असायची. म्हणजे प्रत्येक गोळीआधी मी मनगट वळवून ते दुरुस्त करत होते, आणि ट्रिगर सुटण्याच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी परत जात होतं.

ग्रिपवर काम सुरू करण्याआधी नियम वाचून घ्यावे लागतात, कारण स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलला सगळं मोजलं जातं. ग्रिप हाताला वेढून टाकणारी चालत नाही. तिचा कुठलाही भाग मनगटाला टेकता कामा नये. तळहाताखालची पट्टी, जिला आम्ही पाम शेल्फ म्हणतो, ती ग्रिपशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही, म्हणजे हाताला खालून कवेत घेऊ शकत नाही. अंगठा वर उचलायला मोकळा हवा. बॅरलची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेच्या वरूनच गेली पाहिजे. आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. ही शेवटची अट कागदावर सोपी वाटते. ग्रिपला जाडी वाढवली की ५० चं माप पहिल्यांदा अडतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. परवान्याचं हत्यार असं कुणाच्याही हातात देता येत नाही, त्यामुळे सुताराकडे गेली ती फक्त ग्रिप. एका स्क्रूवर सुटी होते. पिस्तूल घरी कुलपात. बॅरल, चेंबर, आतली यंत्रणा यांना मी हात लावला नाही आणि कुणी लावूही नये, ते परवानाधारक आर्मररचं, म्हणजे हत्यारांच्या कारागिराचं, काम आहे. हौशी माणसाच्या वाट्याला लाकूड येतं, आणि लाकडात पुरेसं काम असतं.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी ग्रिप उलटसुलट करून पाहिली. "हे काय, ड्रिलचं हँडल का?" मी सांगितलं तेव्हा त्यांनी ती जरा लांब धरली. मग म्हणाले, "ताई, हे मी करून उपयोग नाही. हात तुमचा आहे. अर्धगोल कानस नेते का? पण सांभाळून, काढलेलं लाकूड परत येत नाही."

परत येतं. एम-सीलने येतं. नळाची गळती थांबवायची ती दोन रंगांची मळायची लगदी. परदेशात यासाठी खास पुट्टी मिळते, पण आमच्या रेंजवर निम्म्या ग्रिपा एम-सीलवर उभ्या आहेत.

करायची रीत अशी. निळा खडू बारीक कुटून तळहाताला लावायचा, ग्रिप कोरडी पुसून घ्यायची, मारताना धरतो तशीच आणि तेवढ्याच जोराने धरायची, आणि सोडायची. जिथे निळं उमटलं तिथे हात टेकतो. जिथे गडद उमटलं तिथे बोचतो. जिथे लाकूड स्वच्छ राहिलं तिथे पोकळी आहे. माझ्या ग्रिपवर दोन गडद डाग आले, एक अंगठ्याच्या खाचेत मागे आणि एक तळव्याच्या मध्यावरच्या फुगवट्यावर. तळव्याच्या टाचेपाशी, म्हणजे मनगटाकडच्या मऊ भागाखाली, रंगाचा ठिपकाही नव्हता. पिस्तूल दोन टेकूंवर तोलून उभं होतं आणि तिसरीकडे हवा होती.

आधी काढायचं, मग भरायचं. खाचेतलं लाकूड मागून काढत गेलं की हात थोडा वर आणि पुढे सरकतो आणि बोट ट्रिगरवर आणखी आत पोचतं. कानशीचे दहाबारा फटके, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा खडू. हे घाईने करण्यासारखं काम नाही. लाकडाच्या आत पिस्तुलाचा धातू किती जवळ आहे, हे ग्रिप उजेडात आतून पाहून आधी पेन्सिलने बाहेर आखून घेतलं होतं, त्या रेषेपाशी थांबायचं. फुगवटाही निम्मा उतरवला.

भरण्याचा दिवस रविवारचा निवडला, कारण एकदा लगदी मळली की फोन, दारावरची बेल, कुकरची शिट्टी काही चालत नाही. लाकूड खरवडून खडबडीत केलं, नाहीतर लगदी वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. खालच्या पोकळीत आणि तळव्याच्या टाचेखाली गोळा बसवला, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म ओढली, ग्रिप पिस्तुलावर चढवली आणि धरली. नुसती धरून भागत नाही. खांदा, कोपर, मनगट सगळं मारतानाच्या स्थितीत पाहिजे आणि पकडीचा दाब तोच. लगदी बोटांच्या फटींतून बाहेर येते, ती येऊ द्यायची. साचा उमटला की हात अलगद काढायचा.

टाचेखाली भर का, तर ग्रिपचा खालचा भाग पुढे ढकलला गेला की नळीचं तोंड वर येतं. माझी फ्रंट साइट बुडत होती, तिच्यावर हाच उपाय होता. डाव्या-उजव्याचा हिशेब जास्त किचकट निघाला. तळव्याच्या बाजूने मागे भर घातली की पिस्तुलाचा मागचा भाग डावीकडे सरकतो आणि तोंड उजवीकडे येतं, पण तीच भर जरा पुढे, बोटांच्या मुळांशी गेली की उलटं होतं. इथे बरीच घासाघीस झाली. शेवटी डोळे मिटून हात उचलला आणि उघडल्यावर खाचेत फ्रंट साइट मधोमध, दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या पट्ट्या, माथा सपाट. घरी कुणाला दाखवावं असं त्यात काहीच नव्हतं, तरी मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. हाताचं माप दिवसभरात आणि ऋतूगणिक बदलतं. जानेवारीच्या सकाळी बसवलेली ग्रिप मे महिन्याच्या दुपारी आवळते. म्हणून शेवटचं घासकाम दुपारी, अर्धा तास सराव करून हात तापल्यावर करावं. थंडीत किंचित सैल लागते, तेवढं चालतं. घामासाठी मी लाकडाला पॉलिश केलं नाही, टोकदार पंचने बारीक खाचे पाडले. दिसायला ग्रिप आता डांबरी रस्त्याच्या पॅचसारखी दिसते. अक्रोडाची शोभा गेली, हे मान्य.

ट्रिगरचं काम त्यामानाने सरळ होतं. जीएसपीचा ट्रिगर म्हणजे अख्खं वेगळं युनिट, चौकटीतून एकगठ्ठा बाहेर येतं. ट्रिगरचं पातं मागेपुढे सरकवता येतं, ते शक्य तितकं मागे घेतलं, आणि नवी ग्रिप व हे मिळून बोटाचं पेर पहिल्यांदाच पात्यावर सपाट बसलं. ट्रिगरच्या वजनाचं, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराचं, बंधन आहे. आमच्या प्रकारात किमान १००० ग्रॅम. तपासणीला पिस्तूल उभं धरून ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवतात आणि उचलतात, ट्रिगर सुटला की बाद. ते वजन दोन टप्प्यांत कसं वाटायचं, यावर खरी चव ठरते. आर्मररने वजनाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर टाकला, म्हणजे बोट मागे येऊन दुसऱ्या टप्प्याच्या अडथळ्याला टेकतं तेव्हा बरंचसं ओझं आधीच उचललेलं असतं आणि उरलेलं जरासं असतं. गोळी सुटल्यावर बोट पुढे धडपडू नये म्हणून ट्रिगर स्टॉपही जवळ आणला. एकूण वजन हजाराच्या थोडं वरच ठेवलं. हजाराला टेकवून ठेवणारे लोक तपासणीच्या रांगेत घामाघूम होतात, ते मला नको होतं.

घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीशिवाय सराव, करताना मात्र रिमफायरचं पथ्य पाळावं लागतं. या काडतुसाला पेटवणारं रसायन बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे फायरिंग पिनही चेंबरच्या कडेवर येते. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिलं की पिन आणि कड दोन्ही मार खातात. त्यासाठी नकली काडतूस मिळतं. नाही मिळालं तर भिंतीत स्क्रू पकडायला घालतात ती मापाची प्लास्टिकची गिट्टी, हार्डवेअरच्या दुकानात पाकिटाने.

डोळ्यांचा भाग चाळिशीनंतरच्यांनी वाचावा, बाकीच्यांनी सोडून दिला तरी चालेल. फ्रंट साइट डोळ्यापासून हातभर अंतरावर असते, आणि स्पष्ट दिसायला हवी ती तीच. टार्गेट धूसरच बरं. माझ्या लांबच्या चष्म्यातून टार्गेट लख्ख दिसायचं आणि साइटला दोन कडा दिसायच्या. चष्म्याच्या दुकानात पिस्तूल नेणं शक्य नव्हतं, म्हणून लाकडी फूटपट्टीच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून साइटच्या नेमक्या अंतरावर धरला. दुकानदार हसला, पण पाऊण डायॉप्टरची भर घातल्यावर तुकड्याची कड ब्लेडसारखी दिसली. पिस्तुलावर भिंग लावायला परवानगी नाही, चष्म्यात चालतं. दुसऱ्या डोळ्यासमोर छोटी झाकणी लावली, तीही ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. त्याबरोबर रिअर साइटची खाच थोडी रुंद केली. नव्या लोकांना अरुंद खाच अचूक वाटते. माझा अनुभव उलटा आहे. दोन्ही बाजूंना भरपूर प्रकाश असला की डोळा फरक लवकर पकडतो.

पुढे वजन लावायचा सल्लाही करून पाहिला. अख्ख्या पिस्तुलाला १४०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. प्रिसिजनला बरं वाटलं, रॅपिडला पंचेचाळीस अंशांवरून तीन सेकंदांत हात वर आणताना खांदा कुरकुरू लागला. काढून टाकलं.

काडतुसांचं सगळ्यात शेवटी, आणि तेही मुद्दाम. रेंजवर याच विषयावर सर्वांत जास्त चर्चा चालते, एली की आरडब्ल्यूएस की एसके. पण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या दोन खेपांमध्ये, जेवढा फरक पडतो, तेवढा कधीकधी दोन नावांमध्येही पडत नाही. सरांच्या स्टँडवर मी माझ्याजवळ होते ते लॉट लावून पाहिले. एकाने नाण्याखालचं भोक दिलं, दुसऱ्याने दहाच्या वर्तुळाच्या आत, पण जरा मोकळा घोळका. नाव एक, खोक्याचा रंग एक. ब्रँड बदलला की बॅरलमधलं जुन्या गोळीचं मेण जाऊन नव्याचं बसायला काही गोळ्या द्याव्या लागतात, त्या निकालात धरायच्या नाहीत. आपल्याकडे काडतुसं असोसिएशनमार्फत, मिळतील तेव्हा मिळतील ती घ्यावी लागतात, त्यामुळे परदेशी खेळाडूंसारखं कारखान्यात जाऊन लॉट निवडणं माझ्यासारखीला शक्य नाही. चांगल्या लॉटची खोकी स्पर्धेसाठी बाजूला ठेवली, मोकळ्या लॉटवर सराव करते. गोळीमागे सरासरी नऊ-साडेनऊ गुणांचा हात असताना त्या फरकाने काही बिघडत नाही.

२०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी पहिली भारतीय महिला. तेव्हापासून आमच्याकडे पिस्तूल मागणाऱ्या मुली वाढल्या. क्लबचं पिस्तूल एक, हात पंधरा. मुली ग्रिपला सायकलच्या ट्यूबचे तुकडे, कापडी टेप गुंडाळून मारतात, आणि टेप घामाने सरकली की रडकुंडीला येतात. मी आता सरांच्या मागे लागले आहे की ग्रिप एका स्क्रूवरच निघते, तर प्रत्येकीची स्वतःची ग्रिप करून द्या, पिस्तूल एकच राहू द्या. अक्रोड नको, साधं सागाचं ठोकळं चालेल. दोघींच्या ग्रिपांचं काम सुरू झालं आहे. सुतारकाकांनीही यावेळी ठोकळे कापून द्यायला हरकत घेतली नाही.

माझ्या पिस्तुलाची तपासणी पेटीत बसवून, वजन करून, ट्रिगरला किलो लटकवून झाली. पेटीच्या ५० च्या बाजूला पाम शेल्फ किंचित घासली, पण बसली. त्या स्पर्धेत प्रिसिजनला सहा दिसला नाही, सात एकच आला, आणि तो डावीकडे नव्हता. रॅपिडचे गुण मात्र होते तिथेच आहेत. तीन सेकंदांत हात वर येताना साइट जुळलेल्या येतात, पण गोळी मारायचा हिरवा दिवा लागताच मी दचकते. त्याला कानस चालत नाही, सरांनी त्यासाठी रोज संध्याकाळी वेगळा सराव लावून दिला आहे.